कलम सदतीस आणि दोन नारळ

आमच्या गावाचा कायदा माणसाने केलेला नाही. पर्वतावरच्या देवांनी तो पहिल्या सात घरांच्या कानात सांगितला, त्या सात घरांनी तो ताडपत्रांवर कोरला, आणि तेव्हापासून त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही.

सध्या वापरात असलेली प्रत मी टाइप केली आहे. ताडपत्रांना वाळवी लागली होती. उरलेला भुसा पुजाऱ्याने विधिपूर्वक समुद्रात सोडला आणि गावाकडे कायदाच राहिला नाही. मी तेव्हा देनपसार शहरातून कायद्याची पदवी घेऊन नुकताच परतलो होतो. नोकरी नसलेल्या पदवीधराला गाव काहीतरी मानाचं काम देतंच. शाळेचा टाइपरायटर, तीन म्हातारे आणि नऊ संध्याकाळी. एक म्हातारा सांगायचा, दुसरा ते खोडून काढायचा, तिसरा झोपलेला असायचा. देवांचा शब्द असा सुखरूप राहिला.

कलम सदतीस त्या तिसऱ्याने सांगितलं, मध्येच जागा होऊन. सामान्य घरात एका पोटी मुलगा आणि मुलगी अशी जुळी झाली, तर ती पोटात नवराबायकोसारखी राहिली असं धरावं. गावाच्या भूमीवर जन्म झाला की त्या भूमीला विटाळ होतो. आईबापांनी मुलांना घेऊन स्मशानाच्या कडेला खोपटात एक महिना आणि सात दिवस राहावं. आमचा महिना पस्तीस दिवसांचा, म्हणजे बेचाळीस दिवस. तोवर गावातल्या एकाही देवळाचं दार उघडू नये. राजघराण्यात किंवा पुरोहितांच्या घरी अशी जुळी झाली, तर तो मात्र शुभशकुन समजावा.

बाकीचे दोघे म्हातारे म्हणाले, हे आता कोण पाळतंय, सरकारनेही कधीच रद्द केलंय, सोडून दे. मीच हट्ट धरला. मला ते रंजक वाटलं. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की वारसा जसाच्या तसा जपावा. शिवाय त्या कलमाने शेवटचं पान बरोबर भरत होतं.

बावीस वर्षं ते कलम पानावर निवांत पडून होतं. मग लुह कार्मिनीला जुळी झाली.

पुढे मी गावच्या शाळेतच मास्तर झालो होतो आणि लुह माझी विद्यार्थिनी. गणितात अशी की फळ्यावरची माझी चूक ती बाकावरूनच सांगायची, आणि माझी लाज राखायला हळू आवाजात सांगायची. तिचा नवरा कोमांग लवंगांच्या झाडांवर चढून कळ्या तोडतो. मितभाषी माणूस, झाडावर असताना जास्त खूश. लुहला कळा आल्या तेव्हा तो तिला अकरा किलोमीटर खाली, तालुक्याच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेला. दिवसभर तो तिथल्या ओसरीवर बसून होता. शेजारी समुद्रापलीकडे जावातल्या जेम्बरहून कामाला आलेला एक गवंडी, त्याचीही बायको आत. दोघांनी लवंगेच्या सिगारेटी ओढल्या आणि एकमेकांना धीर दिला. संध्याकाळच्या आत कोमांगला मुलगा झाला, दोन किलो चारशे ग्रॅम, आणि त्याच्या पाठोपाठ मुलगी, एक किलो नऊशे.

बाप झालेला माणूस आमच्याकडे पहिल्यांदा जे करतो तेच कोमांगने केलं. नर्सकडून बाळांमागून पडलेल्या वारेची पिशवी घेतली, बादलीत ठेवली, बादली मोटरसायकलच्या दांड्याला अडकवली आणि सूर्य बुडायच्या आत पुरायला घरी आला. त्या बादलीकडे बघून शेजारणीने विचारलं, काय झालं रे. तो म्हणाला, दोन्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोऱ्यातला लाकडी ढोल वाजला आणि गावकी मंडपात जमली.

गावकीच्या प्रमुखाला आम्ही बेंदेसा म्हणतो आणि तोंडावर जेरो. आमच्या जेरोचं सिमेंटचं दुकान आहे, आवाज मऊ आहे, आणि कुणाचं वाईट करायचं असेल तर तो आधी त्या माणसाला कॉफी पाजतो. त्या दिवशी कोमांगला त्याने स्वतःच्या हाताने ग्लास दिला, साखर दोन चमचे. मी गावकीचा चिटणीस, त्यामुळे त्याच्या डाव्या हाताला, टाइप केलेली पानं शिवलेली वही उघडून बसलेलो. जेरोने कलम सदतीस माझ्याकडूनच वाचून घेतलं. मग दिवसांचा हिशेब मांडला. मोठ्या देवळाचा उत्सव पंचेचाळीस दिवसांवर आला होता, जिल्हाप्रमुखांना आमंत्रण गेलं होतं, त्यांचा होकारही आला होता. आज खोपट बांधलं तर बेचाळिसाव्या दिवशी शुद्धी, आणि उत्सवाच्या तयारीला जेमतेम तीन दिवस हातात. उद्यावर टाकायला जागा नव्हती.

मी उभा राहिलो. म्हणालो, कलमात "गावाच्या भूमीवर जन्म" असे शब्द आहेत, मीच टाइप केलेत. ही मुलं तालुक्याला जन्मली. विटाळ झालाच असेल तर तो सरकारी फरशीला झाला, आणि तिथे रोज दोनदा फिनेल पडतं. मागच्या रांगेतले दोघंतिघं हसले. मला वाटलं, जिंकलो.

"मुद्दा चांगला आहे, मास्तर," जेरो म्हणाला. "शिकलेल्या माणसाचा मुद्दा." मग तो कोमांगकडे वळला. "कोमांग, वार कुठे पुरलीस, बाळा?"

"घरी, जेरो."

"घरी कुठे?"

"दाराशी. मुलाची उजवीकडे, मुलीची डावीकडे."

"दोन आल्या होत्या?"

"एकच गोळा होता. नर्स म्हणाली, जुळ्यांची कधीकधी चिकटून येते. मग आईने सुरीने दोन भाग केले, दोन नारळांत घातले."

"बरोबर केलं तिने." जेरोने सभेवरून नजर फिरवली. "वार म्हणजे मुलाचं थोरलं भावंड. थोरलं भावंड ज्या मातीत गेलं, तिथे मूल जन्मलं. मास्तर, तुमची वार कुठे आहे, ठाऊक आहे तुम्हाला?"

ठाऊक होतं. माझ्या दाराच्या उजव्या हाताला, काळ्या दगडाखाली. आई होती तोवर ती त्या दगडावर रोज चिमूटभर भात ठेवायची. मंडपातल्या साठही माणसांना आपापला दगड ठाऊक होता. त्यानंतर त्या सभेत माझ्या बाजूचा एकही माणूस उरला नाही, मी धरून.

कोमांगने नाही म्हणायला हवं होतं, असं मला शहरातल्या एका मित्राने नंतर ऐकवलं. नाही म्हणता येतं. मग गाव त्या घराला वाळीत टाकतं, आणि वाळीत टाकलेल्या घराला स्मशानही बंद. कोमांगचा बाप दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि त्याच स्मशानात पुरलेला होता, सामुदायिक दहनाची वाट बघत. मुलगा गावाबाहेर गेला तर बाप मातीतच राहणार, धूर होऊन वर जाणार नाही. जेरोने धमकी दिली नाही. तो फक्त म्हणाला, "तुझ्या बापाची मला काळजी आहे." कोमांगने कॉफी संपवली आणि मान हलवली.

ठराव मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे.

घरी येऊन मी जिल्हा कचेरीत फोन लावला. एवढं तरी केलं, हे मी स्वतःला पुढे बरेच दिवस सांगत असे. संस्कृती विभागातला अधिकारी फार आदराने बोलला. म्हणाला, ही प्रथा सरकारने केव्हाच रद्द केली आहे, त्यात शंका नाही. मात्र गावकीच्या अंतर्गत रूढींत सरकार ढवळाढवळ करत नाही, कारण सरकारला रूढींचा आदर आहे. मी विचारलं, म्हणजे रद्द केलेली रूढी चालू ठेवायला हरकत नाही. तो म्हणाला, तसं लेखी देता येणार नाही. मग त्याने बातमी दिली की वारसा जपणाऱ्या गावांच्या यादीत आमच्या गावाचं नाव आहे, आणि माझं अभिनंदन केलं.

सहा महिन्यांपूर्वी खालच्या शहरात राजवाड्यातल्या धाकट्या सुनेला अशीच जुळी झाली होती, मुलगा आणि मुलगी. आमच्या गावाने दोन भाजलेली डुकरं आणि फुलांचा चार हात लांबीचा फलक पाठवला होता. फलकावर "देवांची जोडी घरी आली, अभिनंदन" असं लिहिलेलं. मजकूर माझा.

खोपट त्याच दिवशी दुपारपर्यंत उभं राहिलं. चार बांबू, नारळाच्या झावळ्या, खाली ओली माती. लुहला तिसऱ्या दिवशी टाके असतानाच आरोग्य केंद्रातून थेट तिथे नेलं. घर तिने पाहिलंसुद्धा नाही. कलमात असंही आहे की खोपटात तेलाच्या एका दिव्याखेरीज विस्तव नको, आणि विटाळलेली माणसं निसटू नयेत म्हणून गावाने पहारा ठेवावा. दर पाळीला सहा माणसं, पाळ्यांचा तक्ता माझ्याकडे. पहारेकऱ्यांसाठी वीस पावलांवर ताडपत्री ताणली, जनरेटर आणला, बल्ब लावला. ते पत्ते खेळत. त्यांच्याविषयी कलमात काही नव्हतं.

पाळ्या तपासायच्या निमित्ताने मी रोज जात असे. लुह मुलीला उघड्या छातीशी धरून, वर तीन कापडं गुंडाळून बसलेली असायची. नर्सने तसं सांगितलं होतं, बाळ लहान आहे, अंगाची ऊब सोडू नका. मुलगा झावळ्यांवर पडून पाय झाडायचा. कोमांग छपराला भोकं पडतील तशी नवी झावळी खुपसायचा. पावसाळा होता, त्यामुळे त्याला काम भरपूर.

पाचव्या दिवशी लुहने मला विचारलं, "मास्तर, कलम सदतीस तुम्हीच टाइप केलंत ना?"

मी हो म्हटलं.

"खाडाखोड एकही नाही. बघितलं मी. छान केलंय."

त्यानंतर मी जाताना काहीतरी घेऊन जाऊ लागलो. सुकं कापड, फ्लास्कभर गरम पाणी, दुधाची भुकटी. ती घ्यायची, कधी नाही म्हणाली नाही. आभारही कधी मानले नाहीत. गणितात ती पहिल्यापासून चोख होती.

सतराव्या दिवशी भर दुपारी कोमांग शाळेत आला. आला म्हणजे कुंपणाबाहेर उभा राहिला, कारण विटाळलेल्या माणसाने शाळेत यायचं नाही. पहाऱ्यावरच्यांनी त्याला निरोपापुरतं सोडलं होतं, एवढंच. म्हणाला, मुलगी दूध ओढत नाही आणि श्वास घेताना तिच्या फासळ्या आत जातात. मी वर्गाला पाढे लिहायला सांगून निघालो. वाटेत जेरोला निरोप दिला.

जेरो आला. त्याच्या डोक्याला पांढरं फडकं, हातात मोबाइल. खोपटापासून अकरा पावलांवर थांबला, कारण गावकीच्या प्रमुखाला दहाच्या आत गेलं की विटाळ. तिथूनच त्याने मऊ आवाजात परिस्थिती समजावली. मूल हद्दीबाहेर गेलं की मोजणी तुटते. मोजणी तुटली की उद्या पुन्हा पहिला दिवस. पुन्हा पहिला दिवस म्हणजे उत्सव गेला, आणि जिल्हाप्रमुखांना काय तोंड दाखवायचं. तो गावातल्या वैदूला बोलवायला तयार होता, खर्च गावकीचा. वैदू चांगला होता. लवंगेच्या झाडावरून पडलेल्यांची हाडं बसवायचा.

लुह बाहेर आली. सतरा दिवसांत ती पहिल्यांदाच खोपटाच्या पुढे आली. मुलगी तिच्या छातीशी, ओठ निळसर.

"जेरो, हिचं वजन दोन किलो नाही," ती म्हणाली. "हिने पोटात काय केलं, ते तुम्ही बघायला होतात?"

"मी कुठे काय म्हणतो, पोरी. मी साधा माणूस. परंपरा म्हणते."

"मग परंपरेला बोलवा इथे. तिला म्हणावं, हिला दहा मिनिटं धर. हिचा श्वास मोज. मला थोडं झोपायचंय."

ती एक पाऊल पुढे आली. जेरो एक पाऊल मागे गेला. ती आणखी एक आली, तो आणखी एक गेला. अकरा पावलांचं अंतर त्याने अगदी काटेकोर राखलं. पहारेकरी पत्ते हातात धरून बघत होते. दोन किलोहून कमी वजनाच्या पोरीने गावाचा प्रमुख असा मागे मागे रेटत स्मशानाच्या वाटेपर्यंत नेला, तेव्हा मला राग आला. जेरोचा नाही. जेरोचा नंतर आला. माझ्या त्या नऊ संध्याकाळींचा आला, त्या टाइपरायटरचा, आणि शेवटचं पान छान भरलं म्हणून खूश झालेल्या त्या पोरसवदा पदवीधराचा.

माझी जुनी गाडी स्मशानाच्या वाटेवर उभी होती. मी मागचं दार उघडलं.

"मास्तर," जेरो म्हणाला, "तुम्ही चिटणीस आहात."

"हो," मी म्हणालो. "आजच्या नोंदीत हे लिहीन."

पहाऱ्याचा म्होरक्या, कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं फडकं, माझाच जुना विद्यार्थी. शाळेत मठ्ठ होता. त्याने एकदा जेरोकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि पत्ते पिसायला घेतले. फार वेळ पिसत राहिला.

"बेली, बाळाचं कापड घे आणि बस," लुह नवऱ्याला म्हणाली. आमच्याकडे बायका नवऱ्याला बेली म्हणतात. कोमांगने मुलाला उचललं. कापड मात्र खोपटातच राहिलं, घाईत.

फुप्फुसाला सूज, असं डॉक्टर म्हणाला. आणखी एक दिवस गेला असता तर, असंही म्हणाला, आणि वाक्य पुरं केलं नाही. चार दिवस मुलीच्या नाकात नळी होती. पाचव्या दिवशी तिने दूध ओढलं. सहाव्या दिवशी लुहने मला विचारलं, देनपसारची बस किती वाजता असते. तिची बहीण तिथे लाँड्रीत कामाला होती. बसचं तिकीट तिने मला काढू दिलं. तेवढं मोठं मन तिने दाखवलं. कोमांगही गेला. गावच्या घरी त्याची आई एकटी मागे राहिली, बापाच्या दहनासाठी गावकीतलं नाव टिकवायला.

आता गावकीपुढे प्रश्न आला. जेरोने पुन्हा सभा भरवली. दोन तास चर्चा झाली आणि असं ठरलं की मोजणी तुटलेली नाही. विटाळ माणसांना चिकटतो तसा वस्तूंनाही चिकटतो, आणि बाळांचं कापड खोपटातच आहे. म्हणजे विटाळ जागेवर आहे. म्हणजे बेचाळीस दिवस चालू आहेत. फक्त पहारा ढिला पडायला नको.

पहारा ढिला पडला नाही. पंचवीस दिवस दर पाळीला सहा माणसांनी रिकाम्या खोपटावर पहारा दिला. ताडपत्री, बल्ब, पत्ते. तक्ता मीच काढत होतो. एकदा एक पहारेकरी डुलक्या घेताना सापडला, तर त्याला पाच किलो तांदळाचा दंड झाला, कारण त्याच्या झोपेत कापड पळालं असतं तर काय.

शुद्धीला मात्र कापड चालत नव्हतं. शुद्धीच्या दिवशी आईबाप आणि जुळी यांना वाजतगाजत तिठ्यावर आणायचं, मग समुद्रावर न्यायचं, पुजाऱ्याने पाणी घालायचं. कलमात स्पष्ट होतं. तेव्हा पुजाऱ्याला आणि मला देनपसारला पाठवण्यात आलं. लुहला परत आणायला. एका दिवसासाठी का होईना.

बहिणीची खोली लाँड्रीच्या मागे. इस्त्रीची वाफ, दोरीवर हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी. मुलगी पाळण्यात झोपलेली, गालावर मांस आलेलं. पुजारी चांगला माणूस, त्याला दरवाजातच रडू आलं. लुहने त्याला बसवलं, चहा दिला, आणि आमचं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, येईन. अट एक. गावकीने त्याआधी कलम सदतीस सभेपुढे खोडावं, आणि ते मास्तरांनी स्वतःच्या हाताने, त्याच वहीत, तिच्यासमोर खोडावं.

मी परत येऊन जेरोला सांगितलं. तो मनापासून दुखावला. म्हणाला, देवांचा शब्द एका बाईच्या सांगण्यावरून खोडायचा. बायकांना कायद्यातलं काय कळतं, एवढं तो बोलला नाही, कारण तो सुसंस्कृत आहे. त्याने मला कॉफी दिली.

एकेचाळिसाव्या दिवशी उपाय निघाला. पुजाऱ्याने जुन्या पोथ्या बघितल्या, जेरोने पुजाऱ्याला बघितलं, आणि शास्त्रात आधार सापडला की माणसं हजर नसतील तर त्यांच्या जागी नारळ चालतो. दोन नारळ आणले. एकाला पिवळं फडकं नेसवलं, एकाला पांढरं. कोमांग आणि लुह यांच्या जागी दोन केळीचे खुंट. ढोल, झांजा, छत्र्या, सगळं गाव रस्त्यावर. बायकांनी नारळांवर फुलं टाकली. एका म्हातारीने मुलीच्या नारळाची दृष्टही काढली. तिठ्यावर पाणी पडलं, समुद्रावर पाणी पडलं, आणि पुजाऱ्याने जाहीर केलं की गाव शुद्ध झालं.

खोपट जाळलं. कापड जाळलं. देवळांची दारं उघडली.

परतताना वाळूवर मी जेरोला गाठलं. इतक्या दिवसांत मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो होतो. विचारलं, "जेरो, जे बेचाळिसाव्या दिवशी नारळावर भागलं, ते पहिल्या दिवशी का नाही भागलं?"

त्याने थांबून विचार केला. तो ढोंगी नाही. ढोंगी असता तर मला सोपं गेलं असतं.

"पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही, मास्तर," तो म्हणाला.

खरं होतं. मी फिनेलचं बोललो होतो. नारळाचं बोललो नव्हतो. कायद्याची पदवी माझ्याकडे होती, साठ माणसं समोर बसली होती, आणि मी विनोद केला होता.

उत्सव थाटात झाला. जिल्हाप्रमुखांनी वारसा जपणाऱ्या गावाचं प्रशस्तिपत्र दिलं, चौकटीत घातलेलं. भाषणात ते म्हणाले की या गावात परंपरा पुस्तकात नाही, माणसांत जिवंत आहे. वाक्य टाळ्यांचं होतं. ते मीच लिहून दिलं होतं, जेरोच्या सांगण्यावरून, खोपट उभं राहायच्या आधी. बदलायला वेळ होता. बदललं नाही.

चिटणीसपद मी त्यानंतर सोडलं. कुणी फार आग्रह केला नाही. कलम सदतीस वहीत आहे तसंच आहे. मी ते खोडू शकत नाही, कारण वही आता माझ्याकडे नाही. ती माझ्याकडे होती तेव्हा का खोडलं नाही, हा प्रश्न लुहने मला विचारलेला नाही. ती विचारणारही नाही. ती हळू आवाजात चूक सांगायची ती शाळेत.

चार महिन्यांनी तिचा फोन आला. मुलांच्या लसींची पत्रिका आरोग्य केंद्रात राहिली होती, ती पाठवाल का. मी गेलो. तीच नर्स होती, बदलीच्या तयारीत, खोक्यांत रजिस्टरं भरत होती. तिने पत्रिका काढून दिली, मुलीचं वजन विचारलं. पाच किलो सातशे, मी सांगितलं. ती हसली. मग म्हणाली, जाता जाता एक सांगायचं राहून गेलंय, आता त्याने काय होणार म्हणा. त्या दिवशी लागोपाठ बाळंतपणं झाली, वारेच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या भिजून सुटल्या. संध्याकाळी रजिस्टरमधली वारेची वजनं जुळवताना पिशव्यांची अदलाबदल तिच्या लक्षात आली होती, पण तोवर दोन्ही बाप आपापली पिशवी घेऊन गेले होते. गवंडी तर त्याच दिवशी शेवटच्या बोटीने, सासऱ्याच्या अंगणात पुरायला.

कोमांगची आई रोज दाराशी दोन्ही दगडांवर भात ठेवते आणि दिवा लावते. मी तिला सांगितलेलं नाही.

जुळ्यांची वार जावात, जेम्बरजवळ गवंड्याच्या सासऱ्याच्या अंगणात पुरली आहे. आमच्या गावात आहे ती गवंड्याच्या मुलीची. मुलगी एकच झाली होती, तीन किलो दोनशे.